जाड झालेला हृदयस्नायू आणि ठोक्यांचा धोका : कोणती तपासणी कशासाठी

साताऱ्याकडच्या एका ताईंनी विचारलं आहे. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, एमआयडीसीत कामाला. नव्या कंपनीत रुजू होण्याआधीच्या मेडिकलमध्ये ईसीजी बिघडलेला आला, म्हणून इको केला, तर हृदयाचा मधला पडदा २२ मिलिमीटर जाड निघाला. अँजिओग्राफी केली, ती स्वच्छ. भावाला कसलाही त्रास नाही, दोन मजले पळत चढतो. आता डॉक्टरांनी होल्टर, ट्रेडमिल आणि हृदयाचा एमआरआय सांगितला आहे, आणि ‘पुढे कदाचित मशीन (ठोके बिघडले तर आतून झटका देणारं यंत्र, आयसीडी) बसवावं लागेल’ असंही म्हणाले आहेत. ताई विचारतात, नळ्या स्वच्छ असताना एवढ्या तपासण्या कशाला? मशीन खरंच लागेल का? भावाचा मुलगा ११ वर्षांचा आहे, शाळेच्या कबड्डी संघात आहे, त्याचं काय करायचं? आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: वडील ३८व्या वर्षी उसाला पाणी पाजताना कोसळून गेले, ‘अटॅक आला’ एवढंच घरात माहीत आहे.

ताई, ती शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. मला ती तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती वाटते, २२ या आकड्यापेक्षाही. का, ते सांगतो.

आधी नळ्यांचं. अँजिओग्राफी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या बघते. तुमच्या भावाचा प्रश्न नळ्यांचा नाही, स्नायूचा आहे. रक्तदाब वाढलेला नसताना, झडप अरुंद झालेली नसताना डाव्या खालच्या कप्प्याची भिंत कुठेही १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड झाली, तर त्या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. आम्ही एचसीएम म्हणतो. घरात आजार आधीच माहीत असेल तर नातेवाइकांत १३ मिलिमीटरलाही आम्ही सावध होतो. हा आजार दुर्मीळ नाही, साधारण ५०० माणसांत एकाला असतो, आणि बहुतेकांत तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. १९५८ मध्ये लंडनचे डोनाल्ड टीअर यांनी अचानक गेलेल्या तरुण माणसांच्या शवविच्छेदनातून तो नीट मांडला. हृदयाचा एकच भाग बेढब जाड झालेला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या भागातले स्नायूतंतू अस्ताव्यस्त पसरलेले, असं त्यांना दिसलं.

त्या अस्ताव्यस्तपणात सगळं आहे. तुमच्या घरी ऊस आहे म्हणून उसाचंच उदाहरण देतो. सऱ्या सरळ असतील तर पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला शिस्तीत जातं. सरी मध्येच फुटली, कुठे ढेकूळ आडवं आलं, तर पाणी वळसा घेतं आणि कधी कधी फिरून आधीच भिजलेल्या सरीत परत येतं. हृदयातली वीजही तंतूंच्या सऱ्यांमधून वाहते. एचसीएममध्ये तंतू वेडेवाकडे असतात, त्यांच्यात कठीण व्रणासारखे धागे साचलेले असतात, आणि स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीही जाड झाल्यामुळे स्नायूला मधूनमधून रक्त अपुरं पडतं. अशा जमिनीत वीज वळसा घेऊन गोल गोल फिरत राहिली, तर खालचा कप्पा मिनिटाला दोनशेच्या वर ठोके मारू लागतो आणि मग नुसता थरथरत राहतो. रक्त पुढे जात नाही, काही सेकंदांत शुद्ध हरपते. याला हार्ट अटॅक म्हणत नाहीत. अटॅकमध्ये नळी बंद होते, इथे वीज बिघडते. घरचे मात्र दोन्हीला अटॅकच म्हणतात, आणि म्हणून वडिलांविषयीची ती ओळ मी लगेच मान्य करत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण हे वाचून तुम्हाला रात्री झोप लागणार नाही. आज देखरेखीखाली असलेल्या सगळ्या एचसीएम रुग्णांचा मिळून विचार केला, तर असा अचानक मृत्यू वर्षाला शंभरात एकापेक्षाही कमी जणांना येतो. बहुतेक रुग्ण पूर्ण आयुष्य जगतात आणि मशीन लागत नाही. अडचण एवढीच की ज्या थोड्यांना धोका असतो त्यांच्यापैकी अनेकांना आधी कसलाच त्रास नसतो. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फोए २००३ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या लियों शहरात उपांत्य सामना खेळता खेळता मैदानात कोसळला आणि गेला. शवविच्छेदनात हाच आजार सापडला. त्यामुळे ‘भाऊ पळत दोन मजले चढतो’ हे ऐकून मला बरं वाटतं, पण त्यावरून मी धोका ठरवत नाही. तुम्हाला सांगितलेल्या सगळ्या तपासण्या ते थोडे जण शोधून काढण्यासाठी आहेत. यातली कुठलीही एकटी तपासणी निकाल देत नाही. प्रत्येकीत एकेक तुकडा हाती येतो.

पहिली तपासणी पैशाशिवाय होते आणि तीच सगळ्यात जास्त वेळा घाईत उरकली जाते. ती म्हणजे विचारपूस. मला दोनच गोष्टी हव्या असतात: घरात कुणी अवेळी, अचानक गेलं का, आणि रुग्णाची शुद्ध कधी हरपली होती का.

‘घरात कुणाला हृदयविकार आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. म्हणून मी नावानिशी वंशावळ काढतो. आजोबांना भावंडं किती, कोण कसं गेलं? मग हळूहळू बाहेर येतं. एक काका झोपेतच गेले होते. एक चुलतभाऊ विहिरीत बुडाला, आणि पट्टीचा पोहणारा होता. एकाची मोटारसायकल सरळ रस्त्यावर, समोर कुणी नसताना, झाडावर गेली. कुणाला लहानपणापासून ‘फिट’ येत होती, कुणाला ‘बाहेरचं’ झालं होतं असं म्हणतात. यातलं प्रत्येक मरण एचसीएमचं असतं असं मुळीच नाही. पण सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात, ४०च्या आत कुणी अचानक गेलं असेल तर युरोपीय डॉक्टरांची नियमावली ते धोक्याच्या हिशेबात धरते. अमेरिकी नियमावली ती मर्यादा ५० वर्षांपर्यंत नेते. तुमचे वडील दोन्हींत बसतात. म्हणून आईला, काकांना, त्या दिवशी रानात जे हजर होते त्यांना विचारा: कोसळण्याआधी छातीत कळ, घाम, अस्वस्थपणा काही वेळ चालला होता का? की बोलता बोलता, काम करता करता क्षणात पडले? आधी कधी असे पडले होते का? तंबाखू, बिडी, साखर होती का? जुना कागद, एखादा ईसीजी, दवाखान्याची चिठ्ठी काहीही सापडलं तर आणा.

शुद्ध हरपण्याचंही तसंच. आपल्याकडे चक्कर, भोवळ, घेरी, अंधारी हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. मला हवं ते नेमकं: खाली पडला का, पडताना हात पुढे केला का, काही क्षण आठवत नाहीत का. उपाशीपोटी, उन्हात रांगेत उभं राहून, रक्त बघून, आधी मळमळ आणि डोळ्यांपुढे अंधार येऊन भोवळ आली तर ती बहुधा साधी असते. पळताना, जिना चढताना किंवा कसलीही पूर्वसूचना न देता धाडकन पडणं, विशेषतः गेल्या सहा महिन्यांतलं, ते मी फार गांभीर्याने घेतो. आणि हे मी रुग्णाला एकट्याला कधी विचारत नाही. एकदा एक ड्रायव्हर मला ठामपणे सांगत होते, ‘नाही डॉक्टर, कधीच नाही.’ दाराशी उभी त्यांची बायको म्हणाली, ‘अहो, दिवाळीत गाडी धुताना पडला होतात की, कपाळाला टाके पडले.’ ते गप्प झाले. लायसन्स जाईल, काम जाईल, ही भीती होती. त्या एका वाक्याने त्यांच्या उपचाराची दिशा बदलली. तेव्हा भावाबरोबर वहिनींनाही आत घेऊन जा.

आता इको. २२ हा आकडा पक्का आहे का, हे मी आधी बघतो. मधल्या पडद्याला उजव्या कप्प्याच्या बाजूने स्नायूचा एक पट्टा चिकटलेला असतो. मोजताना तो आत धरला गेला तर १७ किंवा १८ चे २२ होतात. तिरपा छेद घेतला तरी आकडा फुगतो. म्हणून एचसीएमची सवय असलेल्या हाताने पुन्हा इको करून घेणं मला वायफळ खर्च वाटत नाही. त्या रिपोर्टात जाडीशिवाय आणखी तीन गोष्टी हव्यात. डावा वरचा कप्पा किती मोठा झाला आहे. हृदयाच्या पंपाची ताकद किती आहे; एचसीएममध्ये ती सहसा सामान्य किंवा थोडी जास्तच असते, त्यामुळे ती ५० टक्क्यांखाली उतरली तर तो वाईट संकेत आहे. आणि रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत जाड पडद्यामुळे अडथळा होतो का. हा अडथळा आडवं पडून शांत असताना लपलेला असू शकतो. म्हणून पोटात जोर धरायला लावून, उभं करून, गरज पडल्यास व्यायाम करवून तो मोजायचा असतो. ३० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला तर अडथळा आहे असं म्हणतात. अनेक रिपोर्टांत ही ओळच नसते. नसेल तर विचारा.

जाता जाता एक महत्त्वाचं. अडथळा असलेल्या रुग्णाने जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवू नये. आपल्याकडे छातीत जरा दुखलं की शेजारीपाजारीसुद्धा ती गोळी देतात. या आजारात ती रक्तवाहिन्या सैल करून अडथळा वाढवते आणि रक्तदाब कोसळतो. लघवीच्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असंच होऊ शकतं. भावाच्या पाकिटात आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

होल्टर म्हणजे छातीला चिकटपट्ट्या लावून कमरेला अडकवलेलं, दिवसभराचा ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र. दवाखान्यातला ईसीजी दहा सेकंदांचा असतो. हृदय दिवसाला लाखभर वेळा ठोकतं, त्यातल्या दहाबारा ठोक्यांवरून आपण किती सांगणार? होल्टरमध्ये मी मुख्यतः खालच्या कप्प्यातून निघालेल्या ठोक्यांच्या झुंडी शोधतो. सलग तीन किंवा जास्त ठोके, मिनिटाला १२० किंवा त्याहून जास्त वेगाने, आणि ३० सेकंदांच्या आत आपोआप थांबणारे. एचसीएमच्या साधारण एक चतुर्थांश रुग्णांत अशी झुंड कधी ना कधी सापडते, आणि बहुतेकांना ती जाणवलेलीही नसते. साठीच्या माणसात तीन ठोक्यांची एकच झुंड दिसली तर मी ती नोंदवून ठेवतो. तिशीच्या आतबाहेरच्या माणसात दिसली तर तिचं वजन बरंच जास्त असतं. झुंड लांब असेल, वेगवान असेल, पुन्हा पुन्हा येत असेल तर आणखी.

होल्टरच्या बाबतीत आपल्या लोकांची एक चूक मी नेहमी बघतो. यंत्र लावलं की माणूस रजा टाकून दिवसभर पलंगावर पडून राहतो, ‘वायर निघेल’ म्हणून. मग जो दिवस नोंदला जातो तो त्याच्या आयुष्यातला नसतोच. भावाला सांगा, नेहमीसारखं कामावर जा, जिने चढ, बाजार आण, फक्त अंघोळ करू नको. धडधड, चक्कर, दम काही जाणवलं तर वेळ लिहून ठेव. चालू गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही. शक्यतो २४ ऐवजी ४८ तास लावून घ्या. आणि होल्टर स्वच्छ आला तर आनंद माना, पण त्याला कायमचं प्रमाणपत्र समजू नका. त्या दोन दिवसांत झुंड आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तो वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करतात.

होल्टरमध्ये दुसरी एक गोष्ट सापडू शकते, वरच्या कप्प्याचं अनियमित थरथरणं, एट्रियल फिब्रिलेशन. एचसीएमच्या पाचांतल्या एखाद्या रुग्णाला ते आयुष्यात कधीतरी होतं, डावा वरचा कप्पा ४५ मिलिमीटरच्या वर गेला की जास्तच. त्याने सहसा कुणी जागच्या जागी जात नाही, पण वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाते आणि अर्धांगवायू होतो. इतर रुग्णांत रक्त पातळ करण्याची गोळी द्यायची की नाही हे गुण मोजून ठरवतात. एचसीएममध्ये तसं मोजत बसायचं नसतं, गोळी द्यायची असते. हे सगळीकडे माहीत असतंच असं नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

ट्रेडमिलला घरचे घाबरतात: ‘हृदय जाड आहे आणि पळवणार?’ अनुभवी माणूस समोर असताना, रक्तदाब आणि ईसीजीवर नजर ठेवून केलेली ही चाचणी सुरक्षित आहे. व्यायामाबरोबर रक्तदाब वर चढायला हवा. तो २० मिलिमीटरनेही चढला नाही किंवा उलट उतरला तर चाळिशीच्या आतल्या माणसात ते चांगलं लक्षण मानत नाहीत. पूर्वी याला खूप वजन द्यायचे, आता कमी देतात. मला तिचा उपयोग जास्त करून लपलेला अडथळा आणि माणसाची खरी ताकद समजण्यासाठी होतो.

एमआरआय ही या सगळ्यात मला सर्वांत जास्त सांगणारी तपासणी वाटते. इकोच्या लहरींना बरगड्या आणि फुप्फुसं आडवी येतात, हृदयाचं टोक तर हमखास निसटतं. एमआरआयला ती अडचण नाही. भिंतीची खरी जाडी कळते. टोकाशी स्नायू पातळ होऊन फुगा तयार झाला आहे का, हे कळतं. असा फुगा स्वतःच ठोक्यांच्या वादळाचं उगमस्थान होऊ शकतो. आणि गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून दिल्यावर दहाएक मिनिटांनी स्नायूतले व्रण काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे उमटतात. सरी कुठे फुटली आहे, ते डोळ्यांनी दिसतं. थोडेफार पांढरे डाग निम्म्या रुग्णांत सापडतात, तेवढ्याने घाबरायचं नाही. डाव्या कप्प्याच्या एकूण स्नायूपैकी किती टक्के व्रण आहे ते महत्त्वाचं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,२९३ रुग्णांच्या अभ्यासात १५ टक्के किंवा जास्त व्रण असलेल्यांमध्ये अचानक मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला, आणि त्यांतले अनेक जण जुन्या हिशेबात ‘कमी धोक्याचे’ होते. म्हणून रिपोर्टात नुसतं ‘व्रण आहेत’ असं न लिहिता टक्केवारी लिहायला सांगा.

क्रमही नीट ठेवा. मशीनचा विचार होणार असेल तर एमआरआय त्याआधी करून घ्या. नंतर धातूमुळे चित्र बिघडतं आणि नेमका पडदाच झाकला जातो. आधी क्रिएटिनिन तपासा, किडनी बरी आहे ना, म्हणून. पाऊण तास आवाज करणाऱ्या बोगद्यात पडून मधूनमधून श्वास रोखायचा असतो, त्याची भावाला आधीच कल्पना द्या.

हे सगळे तुकडे जमले की हिशेब मांडायचा. २०१४ मध्ये युरोपातल्या सहा केंद्रांतल्या ३,६७५ रुग्णांवरून एक सूत्र तयार झालं. त्यात वय, भिंतीची जास्तीत जास्त जाडी, डाव्या वरच्या कप्प्याचं माप, अडथळ्याचा दाब, घरातला अचानक मृत्यू, होल्टरमधली झुंड आणि न समजलेलं शुद्ध हरपणं या सात गोष्टी घातल्या की पुढच्या पाच वर्षांत अचानक मृत्यूचा अंदाज टक्क्यांत मिळतो. ४ टक्क्यांच्या खाली मशीन सहसा सुचवत नाहीत, ४ ते ६ मध्ये विचार करतात, ६ आणि त्यावर ते बसवण्याकडे कल असतो.

तुम्ही पाठवलेल्या इको रिपोर्टात वरचा कप्पा ४२ मिलिमीटर आणि अडथळ्याचा दाब २० आहे. वय ३४, जाडी २२. बाकी सगळं ‘नाही’ धरलं तर अंदाज येतो सुमारे २.८ टक्के. वडिलांचं जाणं अचानक मृत्यू म्हणून धरलं की तोच आकडा ४ टक्क्यांचा उंबरठा ओलांडून सुमारे ४.४ वर जातो. आणि त्यावर होल्टरमध्ये एक झुंड सापडली तर जवळजवळ १० टक्के. इको तोच, माणूस तोच, जाडी तीच. बदललं ते फक्त आईला विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर आणि दोन दिवस अंगावर बाळगलेल्या यंत्राची नोंद. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की वडिलांची ती ओळ २२ पेक्षा मोलाची आहे.

पण या सूत्रालाही मर्यादा आहेत. ते १६ वर्षांखालच्यांसाठी नाही. एमआरआयमधला व्रण, टोकाचा फुगा, पंपाची उतरलेली ताकद यातलं त्याला काहीच माहीत नाही. आणि त्याच्या गणिताची घडण अशी आहे की जाडी साधारण २७ मिलिमीटरच्या पुढे गेली की धोका वाढण्याऐवजी किंचित उतरताना दिसतो. ३० मिलिमीटरच्या भिंतीसमोर मी सूत्राचं ऐकत नाही. अमेरिकी नियमावलीत ३० मिलिमीटर हे एकटंच मशीनचा विचार करायला पुरेसं कारण आहे. त्या नियमावलीत टक्क्यांपेक्षा ठळक खुणांवर भर आहे: घरातला अचानक मृत्यू, ३० ची जाडी, न समजलेलं शुद्ध हरपणं, टोकाचा फुगा, ५० च्या खालची ताकद. यातली एक जरी असली तरी रुग्णाशी बसून बोलायचं. झुंडी आणि पसरलेला व्रण यांना त्यानंतरचं स्थान. दोन्ही पद्धती मी वापरतो. त्यांचं उत्तर एक आलं तर काम सोपं होतं. वेगवेगळं आलं तर एमआरआयकडे बघतो आणि मग रुग्णाकडे.

मशीन म्हणजे आयसीडी. पेसमेकरसारखंच दिसतं, पण ठोक्यांचं वादळ ओळखून आतून विजेचा झटका देतं आणि हृदय पुन्हा तालावर आणतं. १९८० मध्ये बाल्टिमोरला मिशेल मिरोव्स्की यांच्या चमूने ते पहिल्यांदा माणसात बसवलं. एचसीएममध्ये ते जीव वाचवतं यात शंका नाही. २००७ मध्ये आलेल्या ५०६ रुग्णांच्या अभ्यासात, आधी कधी हृदय बंद न पडलेल्या पण धोक्याच्या खुणा असलेल्या रुग्णांमध्ये वर्षाला साधारण ३.६ टक्क्यांना मशीनने खऱ्या वादळात झटका देऊन किंवा ते थोपवून वाचवलं. त्याच अभ्यासात चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त रुग्णांना कधी ना कधी नको असताना झटका बसला. शुद्धीत असताना बसलेला तो झटका, छातीत लाथ बसल्यासारखा, माणूस विसरत नाही. ३४व्या वर्षी बसवलेल्या मशीनची बॅटरी आयुष्यात अनेकदा बदलावी लागेल, वायर कधी तुटते, कधी जंतू लागतात, आणि खर्च लाखांत जातो. म्हणून ‘बसवून टाकू, कटकट नको’ हेही मला पटत नाही आणि ‘काही त्रास नाही ना, मग बघू’ हेही नाही. झुंड सापडली किंवा व्रण १५ टक्क्यांच्या वर निघाला, तर तुमच्या भावाला मी बसवायला सांगेन. दोन्ही नसेल आणि वडिलांची हकीकत संशयास्पद राहिली, तर मी त्याला समोर बसवून दोन्ही बाजू सांगेन आणि त्याचा निर्णय मान्य करेन. घाईने उद्याच ठरवायची गरज नाही.

शिरेतून हृदयात तार घालून मुद्दाम ठोक्यांचं वादळ उठवून बघण्याची चाचणी कुणी धोका मोजण्यासाठी सुचवली, तर कारण विचारा. एचसीएममध्ये त्या कामासाठी ती आता करत नाहीत.

जनुक तपासणीबद्दल गैरसमज खूप आहेत. रक्तातल्या जनुकावरून मशीन बसवायचं की नाही हे ठरत नाही. तिचा उपयोग घरच्यांसाठी. भावात नेमका दोष सापडला, तर तोच दोष मुलात आहे का हे एका रक्ततपासणीत कळतं, आणि नसेल तर त्या मुलाला वर्षानुवर्षं इको करत राहावं लागत नाही. दोष न सापडण्याची शक्यताही बरीच असते, आणि ‘सापडला नाही’ म्हणजे आजार नाही असं नव्हे. आपल्या भागातल्या लोकांसाठी एक खास गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातली २५ अक्षरं गळालेली असणं, हा बदल दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो. २००९ मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांनी मिळून ते दाखवलं. शंभरात चौघांत असणारा बदल एखाद्या रिपोर्टात छापून आला म्हणून तेवढ्यावर कुणावर आजाराचा शिक्का मारू नये. जनुकांचा रिपोर्ट समजावून सांगणारा माणूस असेल तरच ती तपासणी करा.

आता मुलगा. त्याचा ईसीजी आणि इको या महिन्यातच करा. ते होईपर्यंत स्पर्धेची कबड्डी थांबवा. खेळ कायमचा बंद झाला असं त्याला सांगू नका. मुलांची भिंत मोठ्यांच्या १५ मिलिमीटरने मोजत नाहीत, उंची-वजनाच्या हिशेबाने मोजतात, म्हणून लहान मुलांचं हृदय बघणाऱ्यांकडे न्या. आज सगळं नॉर्मल आलं तर तो कबड्डी खेळेल. पण भिंत बहुधा वयात येताना, उंची झपाट्याने वाढताना जाड व्हायला लागते, म्हणून १८ पर्यंत दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बघायचं. भावालाही सगळा व्यायाम बंद असं मी सांगणार नाही. रोजचं चालणं, हलकी सायकल चांगलीच आहे. दम लागेपर्यंतचा जोर मात्र तपासण्या पूर्ण झाल्यावर, त्या बघून ठरवू. तोवर उपाशीपोटी, उन्हात, पाणी न पिता राबू नये.

घरातल्या निदान दोघांनी छाती दाबायला शिकून घ्या. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन लावायला एकाने धावायचं आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचं, गाडी येईपर्यंत. कांदा हुंगवण्यात, पाणी पाजण्यात वेळ घालवायचा नाही.

आणि ताई, तुम्ही भावाचं विचारलं, भाच्याचं विचारलं. स्वतःचं काहीच लिहिलं नाही. हा दोष वडिलांकडून आला असेल तर तो मुलाला आणि मुलीला सारखाच येतो, प्रत्येकाला निम्मी शक्यता. बायकांत हा आजार पुरुषांपेक्षा उशिरा ओळखला जातो. दम लागला तर ‘रक्त कमी असेल’, धडधडलं तर ‘टेन्शन घेते’ असं म्हणून दिवस जातात. भाच्याला तपासायला न्याल त्याच दिवशी तुमचाही ईसीजी आणि इको करून घ्या, आणि तुम्हाला मुलं असतील तर तुमचा रिपोर्ट बघून त्यांचं ठरवू.